पान लागलं

अल्लीपूरच्या शकुबाईचा आवाज गावात फारसा कोणी ऐकला नव्हता. बोअरिंगवर बायकांच्या गप्पा रंगत तेव्हा ती आपली हसून घागर उचले. तिची सासू कौशल्याबाई म्हणायची, "माह्या सुनेच्या तोंडात जीभ हाय का नाई, देवालेच ठाऊक." यात तक्रार नव्हती. चार बायकांत मिरवायची गोष्ट होती ती.

घरात नवरा तानबा, मुलगी गुंजन, सासू आणि भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, रामाजी. त्याची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून तो यांच्यातच जेवे. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही, ही तिकडची रीत. शकुबाईने ती कधी मोडली नाही. रामाजी अंगणात आला की ती भिंतीकडे तोंड करून म्हणे, "म्हणावं, भाकरी झाल्या." रामाजी खुंटीवरच्या टोपीकडे पाहून म्हणे, "म्हणावं, वाढा." गुंजन शाळेत जायला लागली तरी दोघांचं बोलणं असंच भिंतीतून चाललं होतं.

ही गोष्ट त्या सुमाराची आहे, म्हणजे एकोणीसशे शहाण्णव-सत्याण्णवची.

पोळा झाला होता. तानबाचा बैलांवर भारी जीव. सणाच्या दिवशी त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून तो गोठ्यातच, गव्हाणीजवळ पोतं टाकून निजला होता. सकाळी उठून आला तो पोट धरूनच. "पोटात कळ येऊन राह्यली," म्हणाला. चहा दिला तर घोट घशातून उतरेना. कपाळावर कालचा गुलाल तसाच होता. शकुबाई पोतं उचलायला गोठ्यात गेली. पोतं झटकलं, तसं काहीतरी काळं, पांढऱ्या कड्यांचं, वेटोळं सोडून गव्हाणीखालच्या भोकात सरकलं. हात तसाच पोत्यावर राहिला.

तिने सासूला बाजूला नेऊन सांगितलं, "गोठ्यात लांबडं हाय. पांढऱ्या कड्यांचं. ह्यायच्या पोत्याखालून निघालं."

साप असं तिने म्हटलं नाही. गावात कोणीच म्हणत नसे. साप चावला असंही म्हणत नसत. पान लागलं म्हणत. ज्याला लागलं त्याच्या कानावर त्या जनावराचं खरं नाव पडलं की विष झपाट्याने चढतं, असं जुनी माणसं सांगत. म्हणून त्याच्यासमोर नाव काढायचं नाही, त्याला झोपू द्यायचं नाही, आणि कडूनिंबाचा पाला चावायला देऊन विचारत राहायचं, कडू लागते का. कडू लागलं नाही म्हणजे विष चढलं.

कौशल्याबाईने कपाळाला हात लावला. "देवाकडे न्या. बारीवाल्यायले बोलवा."

"दवाखान्यात नेऊ," शकुबाई म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की सासूला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण शकुबाईच्या डोळ्यांपुढे तिचा धाकटा भाऊ होता. त्यालाही असंच लागलं होतं. त्याला देवाकडे नेलं, दिवसभर विष उतरवायच्या बाऱ्या म्हटल्या, आणि मावळतीला बैलगाडीतून परत आणलं ते पांघरूण घालून.

"दवाखान्यातच," ती पुन्हा म्हणाली.

"ने मंग," कौशल्याबाई म्हणाली. "कमीजास्त झालं त माह्यासमोर उभी राहू नको. सांगून ठेवतो."

रामाजी काळीपिवळी जीप घेऊन आला. त्याचे डोळे तांबडे होते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, पण पोळ्याच्या दिवशी मोहाची कुठे मिळते हे ज्याला हवं त्याला ठाऊक असतं. तानबा भजनातला माणूस, तो कधी शिवला नाही. रामाजी मात्र वर्षातून दोन-तीनदा शिवायचा, आणि काल त्याने सण साजरा केला होता. त्याने भावाला काखेत हात घालून जीपमध्ये चढवलं. हिंगणघाटपर्यंत शकुबाई तानबाच्या तोंडात पाला देत होती.

"कडू लागते का?"

"लागते."

थोड्या वेळाने पुन्हा, "कडू लागते का?"

तानबाने मान हलवली. हो म्हणतो की नाही, ते तिला कळलं नाही. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत होत्या. तिने त्याचा दंड चिमटला.

हायवेला लागून तेव्हा एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. आता त्या जागी दुसरंच काही आहे. जीप तिथे थांबली तेव्हा आवारात माणसंच माणसं. सकाळीच ट्रक आणि प्रवाशांची गाडी आपटली होती. कोणाच्या डोक्याला पटका गुंडाळलेला, कोणी हात धरून कण्हत असलेलं, फरशीवर रक्त. एकच डॉक्टर आणि एकच सिस्टर धावपळ करत होते.

डॉक्टर आठल्ये पुण्याकडचे. नोकरीला लागून त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. कामाला सरळ, रागावत नसत, पण इकडची बोली अजून त्यांच्या कानात बसली नव्हती. आणि त्या सकाळी एक गोष्ट घडून गेली होती. अपघाताआधी दोन गडी एका झिंगलेल्या माणसाला घेऊन आले होते. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू प्यायली असं कोण सांगेल? ते म्हणाले, "साहेब, पानात कोणं काय टाकलं का जी, ह्याले पान लागलं." डॉक्टरांनी वासावरून ओळखलं. हसले, बाकावर निजवलं, तास-दोन तासांत तो माणूस उठून घरी गेला. डॉक्टरांनी मनात नोंद केली: इकडे दारू चढली की पान लागलं म्हणतात.

रामाजी तानबाला धरून दारापर्यंत पोचला. डॉक्टर नेमके बाहेर आले होते, हातमोज्यांवर रक्त.

"काय झालं यांना?"

"पान लागलं साहेब," रामाजी अगदी हळू म्हणाला. तानबाला ऐकू जाऊ नये म्हणून. डॉक्टरांना वाटलं, बिचारा लाजतो आहे.

"कधी?"

"पहाटी जी. काल पोळा होता न. बैलापाशीच पडला होता."

"बरंच चढलेलं दिसतंय."

"चढूनच राह्यलं साहेब. डोळे उघडत नाई."

डॉक्टर किंचित वाकले. दारूचा वास आला. तो रामाजीच्या तोंडचा होता, पण दोघे एकमेकांना इतके चिकटून उभे होते की कोणाचा कोण सांगणार.

"पडले-बिडले का कुठे? मार? रक्त?"

"नाई जी. रगत नाई."

"मग घाबरू नका. उतरेल. तिकडे बाकावर कुशीवर झोपवा."

रामाजी बुचकळ्यात पडला. "झोपू द्याचं?"

"झोपू द्या. झोपेतच उतरतं."

आतून कोणीतरी ओरडलं आणि डॉक्टर पडद्याआड गेले. रामाजीच्या छातीवरचा दगड उतरला. एवढा शिकलेला माणूस, नुसतं पाहून म्हणतो विष उतरेल, तर उतरणारच. त्याने भावाला बाकावर आडवं केलं आणि स्वतः भिंतीला टेकून उकिडवा बसला.

शकुबाई बाकाच्या टोकाशी उभी राहिली. तिला काहीच उमजेना. सुई दिली नाही, बाटली लावली नाही, नाडीसुद्धा पाहिली नाही. दवाखान्यात असं असतं का? असेलही. ती याआधी आली होती कुठे? पण तानबाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिने पुसली, पुन्हा गळाली.

पदर पुढे ओढून ती भिंतीकडे वळली. "म्हणावं, सुई नाई देल्ली अजून."

रामाजीने समोरच्या खिडकीला सांगितलं, "म्हणावं, डाक्टर म्हणते उतरते."

"म्हणावं, थुका गिळता येऊन नाई राह्यला."

"म्हणावं, डाक्टरले आपण काय शिकवाव?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हिंगणघाटची मीराबाई बसली होती. तिच्या मुलाचं डोकं अपघातात फुटलं होतं आणि आत टाके पडत होते. ती वैतागलेलीच होती. "कोणाले म्हणावं वं बाई?" ती म्हणाली. "भिंतीले का खिडकीले?"

शकुबाईने तानबाची लाळ पुन्हा पुसली.

"अन् पोळ्याची उतरवाले दवाखान्यात कायले आणता? घरी लिंबू पाजाचं होतं. माह्या पोराचं डोकं फुटलं, अन् डाक्टर दारुड्यायची चौकशी करत बसते."

"दारू?" शकुबाई म्हणाली.

"नाई त काय? डाक्टर आत जाऊन सिस्टरले बोलला न. पोळ्याचा अजून एक आला म्हणे, उतरली का जाईन घरी."

शकुबाईला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. मग एकेक शब्द उलगडला. चढलं. उतरेल. झोपेतच उतरतं. डॉक्टर दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होते. तिने मान वळवून, पदराच्या आडून का होईना, रामाजीकडे सरळ पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. त्याने तोंडावर हात धरला, जणू आता वास झाकून काही उपयोग होता.

तो उठला आणि पडद्याकडे धावला. "साहेब, साहेब..."

दारातल्या शिपायाने त्याला छातीवर हात लावून अडवलं. "बाबा, तुमीच आधी बसा. तुमाले जास्त झालेली दिसते."

"मले नाई गा, माह्या भावाले..."

"हो हो. त्यालेबी उतरते. बसा."

रामाजी तिथेच उभा राहिला. बोलायला तोंड उघडावं तर वास, नाही उघडावं तर भाऊ. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपायाला वाटलं, हेही दारूचंच.

शकुबाईने तानबाच्या नाकाशी हात नेला. श्वास होता, पण अर्ध्यावरून परत फिरल्यासारखा, वरवरचा. "अवो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. तो हूं की चूं करीना. भाऊ आठवला. बैलगाडी आठवली. सासूचे शब्द आठवले. आपण दवाखान्यात आणलं, आणि दवाखान्याच्या बाकावर तो मरणार, दारुडा म्हणून.

ती उठली. शिपाई रामाजीला धरून होता, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तिने पडदा बाजूला केला.

डॉक्टर टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, "बाहेर थांबा."

लांबडं म्हणावं तर याला कळणार नाही. जनावर म्हणावं तर वाटेल बैलाने मारलं. पान म्हणून तर हे सगळं झालं. एकच शब्द उरला होता, आणि तो तानबाच्या कानावर पडायला नको होता. तो तर पडद्याच्या पलीकडेच होता.

"बाई, बाहेर थांबा म्हटलं ना."

"साप," शकुबाई म्हणाली.

आवाज आधी चिरका निघाला. मग ती ओरडलीच. "साप चावला त्याले. मण्यार. म्या डोळ्यानं पायला. दारू नाई, साप."

बाहेरची गर्दी एकदम शांत झाली. तो शब्द बाकापर्यंत गेला, तानबापर्यंत गेला, रामाजीपर्यंत गेला. शकुबाईला वाटलं, आपण आपल्या हाताने विष वर ढकललं.

डॉक्टरांनी सुई सिस्टरच्या हातात दिली आणि ते बाहेर आले. त्यांनी तानबाच्या पापण्या बोटाने उघडल्या. सोडल्या, तशा त्या पडल्या. जीभ बाहेर काढायला सांगितलं, जीभ हलली नाही. छातीला नळी लावली.

"साप म्हणून आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं न जी," रामाजी रडत म्हणाला. "पैलाच शब्द सांगतला. पान लागलं म्हणून."

आतून मोहिनी सिस्टरचा आवाज आला. "सर, इकडे साप चावल्यालाच पान लागलं म्हणतात."

डॉक्टरांनी आणि रामाजीने तानबाला उचलून आत नेलं, आणि त्यानंतर सगळं भराभर झालं. बाटली लागली, विषावरच्या सुया गेल्या, घशात नळी घातली. श्वास द्यायचं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं. दुसरीकडे न्यावं तर वाटेत श्वास थांबेल. म्हणून नळीला रबरी फुगा जोडला. तो हाताने दाबायचा आणि सोडायचा. दाबला की तानबाची छाती वर येई, सोडला की खाली जाई. आधी डॉक्टरांनी दाबला. पण टाके अर्धे राहिलेले लोक वाट पाहत होते. मोहिनी सिस्टरने रामाजी आणि शकुबाईला दोन्ही बाजूंना उभं केलं. "स्वतःचा श्वास घ्याल तसा दाबायचा. थांबायचं नाही. एक थकला की दुसऱ्याने घ्यायचा."

रामाजीने सुरुवात केली. त्याचे शेतात राबलेले हात, पण हे काम वेगळं. दुपार कलली. मीराबाई मुलाला घेऊन घरी निघाली, पण जाताना दाराशी घुटमळली. "मले का माहीत वं बाई," एवढंच म्हणाली. रामाजीची बोटं वळायला लागली. त्याने भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. म्हणावं म्हणायला वेळ कुठे होता?

"गुंजनचे माय," तो म्हणाला, "आता तू धर. माहे हात भरून आले."

"द्या," शकुबाई म्हणाली.

फुगा या हातातून त्या हातात गेला. बोटांना बोटं लागली. दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही, कारण दोघांचेही डोळे तानबाच्या छातीवर होते.

अंधार पडायच्या आधी डॉक्टर आठल्ये खाटेजवळ येऊन उभे राहिले. थकलेले होते. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी शब्द ऐकला, माणूस पाहिलाच नाही. दारात कोणीही आलं तरी आधी स्वतः तपासायचं, मग काय ते ठरवायचं, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवतात."

शकुबाईच्या मनात वेगळंच होतं. फुगा दाबता दाबता तिने विचारलं, "डाक्टरसाहेब, म्या त्यायच्यासमोर नाव घेतलं. म्हणून त जास्त नाई चढलं?"

डॉक्टर हसले नाहीत. "नाही," म्हणाले. "त्याने काही चढलं नाही."

तिने ऐकलं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशी तानबाचं बोट हललं, तरी ती म्हणे, आपल्यालाच भास झाला. पापण्या वर गेल्या तेव्हा तिने सिस्टरला बोलावून खात्री करून घेतली. मग केव्हातरी नळी काढली. तानबाला बोलायला वेळ लागला. पहिल्यांदा घोगऱ्या आवाजात त्याने विचारलं, "गुंजनच्या बैलाचं चाक लावलं का कोणं?" तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल फिरवतात, आणि त्याचं मोडलेलं चाक बसवून देईन असं त्याने लेकीला कबूल केलं होतं. तान्हा पोळा कधीच होऊन गेला होता.

"मले समदं ऐकू येत होतं," नंतर तो म्हणाला. "हात हलत नव्हता, डोळा उघडत नव्हता, पण ऐकू येत होतं. साप साप म्हणून कोणाची बाई वरडून राह्यली म्हणून मी इचारात पडलो. तुहा आवाज मी कुठं ऐकला होता?"

घरी आल्यावर कौशल्याबाईने लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि बोअरिंगवर सुनेच्या जिभेची ती गोष्ट सांगणं तिने सोडलं.

पुढे डॉक्टर आठल्ये त्या दवाखान्यात बरीच वर्षं राहिले. दारात कोणी आलं, मग तो शुद्धीत असो, झिंगलेला असो, नुसता बोट कापलेला असो, ते आधी त्याच्या पापण्या वर करून पाहत, नाडी धरत, श्वास मोजत, आणि मग विचारत काय झालं. शिपायालाही ताकीद होती, तपासल्याशिवाय कोणाला बाकावर बसवायचं नाही. लोक त्यांना पापण्यावाला डॉक्टर म्हणत. दात दुखतो म्हणून आलेल्याच्याही पापण्या उलटतात, अशी थट्टा चाले.

शकुबाईला गावातले लोक दवाखान्यात सोबत न्यायला लागले. कोणाला ताप, कोणाचं बाळंतपण, कोणाला लागलेलं पान. "शकुबाईले घ्या, ते सांगते बरोबर," असं म्हणत. ती धीट झाली होती असं मात्र नाही. दर वेळी दवाखान्याची पायरी चढताना तिचे तळहात ओले होत. दर वेळी वाटे, आज आपला शब्द चुकेल आणि कोणाचं तरी माणूस बाकावर राहील. म्हणून ती जीपमध्येच मनातल्या मनात घोकत जाई, काय झालं, कधी झालं, आपण काय पाहिलं. आडवळणाचा एकही शब्द राहू देत नसे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात रामाजीच्या छातीत धरलं. घामाने अंगरखा चिंब, डावा हात लुळा. तानबा आणि शकुबाईने त्याला त्याच दवाखान्यात आणलं. आठल्ये तेव्हा बदलून गेले होते. नवीन डॉक्टरीण होती, तरुण, कुठून तरी लांबून आलेली. तिने दारातच रामाजीची नाडी धरली, छातीला नळी लावली. मग विचारलं, "बाबा, काय होतंय?"

रामाजीने एकदा भावाकडे पाहिलं. मग शकुबाईकडे बोट केलं.

"तिले इचारा," तो धापा टाकत म्हणाला. "मी सांगतो ते उलटंच समजते."

शकुबाईचे तळहात ओले झाले होते. ते तिने पदराला पुसले, आणि पदर डोक्यावरून घसरला तो तसाच राहू देऊन ती बोलायला लागली.